कारकीर्द ठप्प होते तेव्हा...

काटेवाडी (ता. बारामती) : बारामतीहून इंदापूरकडे जाणाऱ्या रस्त्यावरील काटेवाडी हे गाव महाराष्ट्राला दोन कारणांनी ठाऊक आहे. आषाढी वारीत संत तुकाराम महाराजांची पालखी येथे येते तेव्हा परीट समाजाचे लोक तिच्या वाटेवर धोतरांच्या पायघड्या अंथरतात आणि पालखीभोवती मेंढ्यांचे रिंगण होते. दुसरे कारण म्हणजे हे पवार कुटुंबाचे गाव. शरद पवार यांच्या राजकीय चढत्या काळाविषयी भरपूर लिहिले गेले आहे. मात्र त्यांच्या आयुष्यातील एक कालखंड, १९८० ते १९८८ हा, चढता नव्हता. नोकरीत, व्यवसायात किंवा स्पर्धा परीक्षांत अडकून पडलेल्या माणसाला उपयोगी पडेल असे काही असेलच, तर ते याच आठ वर्षांत सापडते.

१७ फेब्रुवारी १९८० रोजी केंद्रातील इंदिरा गांधी सरकारने नऊ राज्यांच्या विधानसभा एकाच दिवशी बरखास्त केल्या. त्यांत महाराष्ट्र होता. पुरोगामी लोकशाही दलाचे सरकार संपले आणि वयाच्या ३८व्या वर्षाच्या आत राज्याचे मुख्यमंत्री झालेले पवार ३९व्या वर्षी माजी मुख्यमंत्री झाले. चाळिशीच्या आत सर्वोच्च पद मिळवून ते गमावणे ही राजकारणातील घटना खरी. पण व्यवस्थापनशास्त्राच्या भाषेत तिला वेगळे नाव आहे.

कुंठितता म्हणजे काय?

१९७७ मध्ये थॉमस फेरेन्स, जेम्स स्टोनर आणि किर्बी वॉरेन या तीन अमेरिकी अभ्यासकांनी कारकिर्दीतील पठारावस्थेची व्याख्या केली. पुढील बढतीची शक्यता अगदी कमी उरली आहे असा कारकिर्दीतील टप्पा, अशी ती व्याख्या होती. यात माणसाच्या गुणवत्तेविषयी काहीही म्हटलेले नाही, हे ध्यानात घेण्यासारखे आहे. संस्थेची उतरंड वर निमुळती होत जाते. शंभर कारकुनांमागे वरिष्ठ पदे मोजकी असतात. त्यामुळे बहुतेकांची वाट कुठे तरी थांबणार, हे गणितच आहे.

१९८६ मध्ये ज्युडिथ बार्डविक या मानसशास्त्रज्ञ महिलेने या अवस्थेचे तीन प्रकार केले. पहिला रचनेतील : वरची जागाच नाही. दुसरा कामातील : जागा आहे, पण रोजच्या कामात शिकण्यासारखे काही उरलेले नाही. तिसरा आयुष्यातील : नोकरी हीच आपली ओळख होऊन बसल्याने ती थांबताच घर, मित्र, छंद यांतलाही रस आटतो. हा भेद कोरडा वाटला तरी कामाचा आहे. पहिल्या प्रकारात माणसाने कितीही जिद्द दाखवली तरी जागा निर्माण होत नाही. दुसऱ्यात बढती मिळाली तरी कंटाळा जात नाही. तिसऱ्यात नोकरी बदलूनही उपयोग होत नाही. आपल्याकडे मात्र तिन्हींवर एकच औषध दिले जाते, ते म्हणजे प्रेरणादायी व्याख्यान.

राज्य सरकारला पहिल्या प्रकाराची जाणीव फार पूर्वी झाली. पदोन्नतीची संधी नसल्याने कर्मचाऱ्यांत येणारी कुंठितता घालविण्यासाठी १ ऑक्टोबर १९९४ पासून कालबद्ध पदोन्नती योजना लागू झाली. एकाच पदावर बारा वर्षे काढलेल्यास वरच्या पदाची वेतनश्रेणी मिळू लागली. २००१ मध्ये तिचे रूपांतर आश्वासित प्रगती योजनेत झाले. २०१० च्या शासन निर्णयाने दुसरा लाभ जोडला आणि सातव्या वेतन आयोगानंतर, मार्च २०१९ च्या निर्णयाने, १०, २० आणि ३० वर्षांच्या सेवेनंतर असे तीन लाभ ठरले. ‘कुंठितता’ हा शब्द सरकारी कागदात अधिकृतपणे वापरला जावा, यातच प्रश्न किती मोठा आहे ते येते. या योजनेने पगार वाढतो. टेबल, खुर्ची आणि समोरची फाईल तीच राहते. बार्डविक यांच्या दुसऱ्या प्रकाराला शासन निर्णयात उत्तर नाही, आणि ते असूही शकत नाही.

काटेवाडीच्या पंचक्रोशीत या प्रश्नाचे रूप थोडे निराळे आहे. शेजारच्या इंदापूर तालुक्यात भवानीनगरला श्री छत्रपती सहकारी साखर कारखाना आहे. बारामतीच्या बाजूला माळेगाव आणि सोमेश्वर हे कारखाने आहेत. साखर कारखान्यात ‘कायम’ आणि ‘हंगामी’ हे दोन शब्द माणसाच्या आयुष्याचे दोन भाग पाडतात. गळीत हंगाम सुरू झाला की हंगामी कामगाराला काम. हंगाम संपला की पुढच्या मोळीपूजनापर्यंत घरी बसून कामाच्या श्रेणीनुसार मिळणारा रिटेन्शन भत्ता. कायम कामगार निवृत्त झाल्यावरच जागा रिकामी होते, आणि तीही भरली जाईलच असे नाही. बारामती औद्योगिक वसाहतीत कंत्राटी कामगाराची गत याहून अनिश्चित, कारण त्याला भत्ताही नाही. मुलगा पदवीधर असेल तर तो पुण्याला जाऊन नवी पेठेत अभ्यासिकेची जागा घेतो. राज्यसेवेसाठी खुल्या गटाची कमाल वयोमर्यादा २०१६ मध्ये ३३ वरून ३८ वर्षे झाली, मागासवर्गीयांसाठी ती ४३ आहे. मर्यादा वाढली ही सवलत होतीच; पण थांबण्याचा निर्णय आणखी पाच वर्षे पुढे ढकलण्याची मुभाही तिने दिली.

सत्ता गेल्यानंतर

पवारांचे पद गेले त्यामागे त्यांचे स्वतःचे निर्णयही होते, हे सांगितल्याशिवाय पुढचे सांगणे अप्रामाणिक ठरेल. जुलै १९७८ मध्ये ते वसंतदादा पाटील यांच्या मंत्रिमंडळातून बाहेर पडले आणि १८ जुलैला विरोधकांच्या साथीने मुख्यमंत्री झाले. त्या कृतीवरील टीका त्यांच्या वाट्याला पुढे आयुष्यभर आली. म्हणजे १९८० मध्ये ते केवळ पदच्युत नव्हते. ज्या पक्षात वाढले त्या पक्षाचे दार बंद झालेले, आणि नव्या मित्रपक्षांशी नाते दोन वर्षांपूर्वीचे.

मे १९८० च्या निवडणुकीत काँग्रेसने (इंदिरा) २८८ पैकी १८६ जागा जिंकल्या आणि बॅरिस्टर अ. र. अंतुले मुख्यमंत्री झाले. त्यानंतरची गळती अधिक बोलकी आहे. पवार यांनी स्वतः २०२३ मध्ये पत्रकारांना सांगितले, की त्या वेळी आपल्यासोबत ५८ आमदार होते आणि अखेरीस सहा उरले. सत्ता जाताच माणसे जातात, हा अनुभव जिल्हा परिषदेच्या माजी सभापतीपासून निवृत्त मामलेदारापर्यंत सर्वांना असतो. फरक एवढाच की येथे तो विधिमंडळाच्या दप्तरात मोजता येतो.

या टप्प्यावर माणूस साधारणपणे दोनपैकी एक गोष्ट करतो. गेलेले पद परत कसे मिळेल याचीच खलबते करीत बसतो, किंवा घरी बसतो. पवारांनी पहिली गोष्ट केली नसेल असे समजण्याचे कारण नाही. राजकारणी माणसाला ती टाळता येत नाही. मात्र तिच्या जोडीला जे केले ते महत्त्वाचे. डिसेंबर १९८० मध्ये, विधिमंडळाचे अधिवेशन नागपूरला असताना, जळगाव ते नागपूर अशी शेतकरी दिंडी निघाली. शेतमालाला रास्त भाव मिळावा हा तिचा प्रमुख विषय. अंतर चारशे किलोमीटरांहून अधिक, वाट खानदेश-विदर्भातल्या कापसाच्या पट्ट्यातून. अनेक विरोधी नेते तिच्यात उतरले आणि सरकारने अटकसत्र आरंभले. बारामतीच्या ऊसपट्ट्यातल्या नेत्याने कापसाच्या भावासाठी चालावे, यात राजकीय हिशेब होताच. परंतु त्या हिशेबाचा परिणाम असा झाला की मुख्यमंत्र्याच्या मोटारीतून जे दिसले नसते ते पायी चालताना दिसले, आणि मुंबईच्या बातमीदारांच्या नोंदवहीतून उतरू लागलेले नाव पुन्हा पहिल्या पानावर आले.

दिंडीने सत्ता मिळाली नाही. अंतुले गेले, बाबासाहेब भोसले आले. फेब्रुवारी १९८३ मध्ये वसंतदादा पाटील पुन्हा मुख्यमंत्री झाले. ज्यांचे सरकार पवारांनी पाडले तेच परत सत्तेत, आणि पवार बाहेर, असे हे चित्र होते. एखाद्या कचेरीत कनिष्ठ सहकारी वरिष्ठ होऊन बसतो तेव्हा होणाऱ्या जळफळाटाशी याची तुलना करता येईल, फक्त येथे तो सारा महाराष्ट्र पाहत होता.

डिसेंबर १९८४ ची लोकसभा निवडणूक इंदिरा गांधींच्या हत्येनंतरच्या लाटेत झाली. विरोधी पक्षांची देशभर वाताहत झाली असता पवार बारामतीतून निवडून आले. तीनच महिन्यांनी, मार्च १९८५ मध्ये, विधानसभेला समाजवादी काँग्रेसने ५४ जागा मिळविल्या. पवारांनी खासदारकी सोडली आणि ते विधानसभेत विरोधी पक्षनेते झाले. दिल्लीचे पद सोडून मुंबईत विरोधी बाकावर बसणे ही वरवर पाहता पीछेहाट होती. ज्या मैदानात आपली माणसे आणि आपला अभ्यास आहे तेथे राहण्याचा तो निर्णय होता, असे आज म्हणता येते. त्या वेळी कितीजणांनी तसे म्हटले असेल, कोण जाणे!

एकच कोंडी, दोन वाटा

याच काळात पवारांचे राजकीय गुरू यशवंतराव चव्हाण यांची कारकीर्दही अडली होती. संयुक्त महाराष्ट्राचे पहिले मुख्यमंत्री, देशाचे संरक्षण, गृह, अर्थ व परराष्ट्र मंत्री, १९७९ मध्ये उपपंतप्रधान अशी वाटचाल केलेल्या नेत्यासमोर १९८० नंतर काय उरले होते? त्यांनी १९८१ मध्ये इंदिरा गांधींच्या काँग्रेसमध्ये परतण्याचा मार्ग धरला. प्रवेशासाठी त्यांना ताटकळावे लागले. पुढे आठव्या वित्त आयोगाचे अध्यक्षपद मिळाले. ते काम त्यांनी अभ्यासूपणे पार पाडले. पण राजकीय वजन परत आले नाही, आणि २५ नोव्हेंबर १९८४ रोजी त्यांचे निधन झाले.

पवार त्या वेळी गुरूबरोबर गेले नाहीत. तेही परतले, परंतु पाच वर्षांनी, डिसेंबर १९८६ मध्ये औरंगाबादच्या (आताचे छत्रपती संभाजीनगर) मेळाव्यात, राजीव गांधींच्या उपस्थितीत. पहिल्या परतण्यात मागे पाठबळ उरले नव्हते. दुसऱ्यात ५४ आमदारांचा निवडून आलेला पक्ष होता. वयाचा फरकही विसरता येत नाही. यशवंतराव १९८१ मध्ये ६८ वर्षांचे होते, पवार चाळिशीचे. कोंडी एकच असली तरी हाताशी असलेला वेळ वेगळा असतो, आणि वाट निवडताना तो मोजावाच लागतो. चव्हाणांचा निर्णय चुकीचा होता असे म्हणणे म्हणूनच सोपे आहे, न्याय्य नाही.

आधी उत्साह की आधी काम?

अडकलेल्या माणसाची नेहमीची तक्रार असते, ‘मनच लागत नाही, मन लागले की सुरुवात करीन.’ मानसशास्त्राने हा क्रम उलटा असल्याचे बऱ्याच अंशी दाखवून दिले आहे. अमेरिकेतील ओरेगॉनचे मानसशास्त्रज्ञ पीटर लेविन्सन यांनी १९७० च्या दशकात मांडले, की खिन्न माणूस समाधान देणाऱ्या कृती कमी करतो, त्यामुळे समाधानाचे प्रसंग कमी होतात आणि खिन्नता आणखी वाढते. हे चक्र मन पालटण्याची वाट पाहून तुटत नाही. दिनक्रमात लहान, ठरावीक कृती घालून तुटते. १९९६ मध्ये नील जेकबसन व सहकाऱ्यांनी नैराश्याच्या १५० रुग्णांवर केलेल्या अभ्यासात विचार बदलण्याचा पूर्ण उपचार आणि केवळ कृतीवर भर देणारा उपचार यांचा परिणाम जवळपास सारखाच आढळला.

नोकरदारांच्या बाबतीत हार्वर्डच्या तेरेसा अमाबिले आणि स्टीव्हन क्रेमर यांचे काम अधिक जवळचे आहे. त्यांनी सात कंपन्यांतील २३८ कर्मचाऱ्यांकडून रोजची टिपणे लिहवून घेतली. अशा सुमारे बारा हजार नोंदी जमल्या. चांगल्या दिवसाचे सर्वांत सामान्य कारण पगारवाढ किंवा शाबासकी नव्हते. अर्थ वाटणाऱ्या कामात थोडी का होईना प्रगती झाली, एवढेच ते होते. २०११ मध्ये हे निष्कर्ष पुस्तकरूपाने आले. अडकलेल्या माणसाचा दिवस ज्या मोठ्या गोष्टीवर (बढती, निकाल, आदेश) अवलंबून असतो, ती वर्षातून एकदाही घडत नाही. म्हणून त्याच्या दिवसात प्रगतीची नोंदच होत नाही. ज्याला लहान प्रगती मोजता येईल असे काम त्याच्या दिवसात नसते, हे त्यामागचे साधे कारण.

पवारांच्या मनात त्या आठ वर्षांत काय चालले होते, याविषयी बाहेरून बोलणे व्यर्थ. दिनक्रम मात्र दिसतो : दौरा, मेळावा, विधानसभेतील प्रश्न, पुन्हा दौरा. यांतील कशालाही मुख्यमंत्रिपद लागत नाही. शिवाय बारामतीत पदाशिवाय चालणारे दुसरे काम आधीपासून उभे होते. साठच्या दशकाच्या अखेरीस जिरायत भागात ‘कासा’ या ख्रिस्ती सेवासंस्थेकडून आलेले धान्य मजुरीपोटी देऊन पाझर तलाव खोदण्याचे काम सुरू झाले होते. १९७१ मध्ये अॅग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्ट स्थापन झाला. थोरले बंधू आप्पासाहेब पवार यांनी शेतीतील प्रयोगांसाठी त्याला आपले आयुष्य दिले. १९७२ मध्ये विद्या प्रतिष्ठान उभे राहिले. मुंबईत सत्ता असो वा नसो, तलावात पाणी किती साचले आणि शाळेत मुले किती आली याची मोजदाद करता येत होती.

या सवयीचे मूळ घरात शोधता येते. आई शारदाबाई पवार १९३८ मध्ये पुणे जिल्हा लोकल बोर्डावर निवडून आल्या होत्या. शरद पवार यांचा जन्म १२ डिसेंबर १९४० चा. तीन दिवसांच्या या मुलाला घेऊन त्या बोर्डाच्या बैठकीला गेल्याची आठवण पवार यांनी अनेकदा सांगितली आहे. बाळंतपण हे कामातील खंड मानायचे की नाही, हा प्रश्न आजही शहरी कार्यालयांतून वादाचा आहे. काटेवाडीच्या या बाईंनी तो सुटला की नाही याची वाट पाहिली नाही. अर्थात प्रत्येक बाळंतिणीने तिसऱ्या दिवशी कामावर जावे, असा याचा अर्थ कोणी काढू नये.

ओळखीपाळखी

गती परत मिळण्यात दुसरा मोठा वाटा ओळखींचा असतो, आणि तोही आपण समजतो त्या ओळखींचा नसतो. समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी बॉस्टनजवळच्या न्यूटन गावात नोकरी बदललेल्यांचा अभ्यास करून १९७३ मध्ये दाखविले, की ओळखीतून नोकरी मिळालेल्या दहापैकी आठांहून अधिक जणांना ती क्वचित किंवा अधूनमधून भेटणाऱ्या माणसाकडून कळली होती. रोज भेटणारा मित्र आपल्याला ठाऊक असलेलेच सांगतो. लांबचा परिचित वेगळ्या वर्तुळातली बातमी आणतो. २०२२ मध्ये लिंक्डइनच्या सुमारे दोन कोटी सदस्यांवरील प्रयोगांतून याला दुरुस्तीसह दुजोरा मिळाला : अगदी नावापुरत्या ओळखीपेक्षा मध्यम परिचय सर्वांत उपयोगी ठरतो.

अडचणीत माणूस नेमके उलट करतो. लाजेने लग्नकार्ये टाळतो, जुन्या वर्गमित्रांचे फोन घेत नाही, ‘सध्या काय करतोस’ या प्रश्नाच्या धास्तीने गावच्या जत्रेलाही जात नाही. पहिली तुटतात ती हीच मध्यम ओळखीची नाती. तालुक्यातालुक्यांतील कार्यकर्त्यांना नावाने ओळखण्याची पवारांची ख्याती आहे. ५८ मधून सहा उरले तेव्हा हाताशी होते ते हे मध्यम अंतरावरचे जाळे, आणि १९८५ च्या ५४ जागा त्यातूनच आल्या असे मानायला जागा आहे. हंगामी कामगाराच्या पातळीवर याचा अर्थ इतकाच, की बंद हंगामात शेजारच्या कारखान्यातील, दूध संघातील, औद्योगिक वसाहतीतील परिचितांकडे जाणे हेही कामच आहे, आणि त्यासाठी आठवड्यातला एक दिवस ठरविणे शहाणपणाचे.

जे सर्वांना जमणारे नाही

या उदाहरणाची मर्यादा स्पष्ट सांगितली पाहिजे. पवारांकडे शेती होती, कर्ती भावंडे होती, उभ्या संस्था होत्या आणि १९६७ पासून निवडून देणारा मतदारसंघ होता. पद गेले तरी चूल विझणार नव्हती. ज्याच्या पगारावर घराचा हप्ता आणि मुलांची फी अवलंबून आहे त्याला ‘धीर धरा, राज्यभर फिरा’ असे सांगणे क्रूरपणाचे होईल. त्याच्यासाठी क्रम उलटा : आधी सहा महिन्यांच्या खर्चाची तरतूद, मग धाडस. नोकरी सोडून नवे काही करण्याच्या कथा छापून येतात. न जमल्याने परतलेल्यांच्या छापून येत नाहीत. आमच्या व्यवसायाचा तो दोषच आहे.

पुनरागमनाची किंमतही कोणी तरी मोजली. सहा वर्षे काँग्रेसविरोधात लढलेल्या समाजवादी काँग्रेसच्या गावोगावच्या कार्यकर्त्याला डिसेंबर १९८६ मध्ये एका दिवसात ज्यांच्याशी भांडला त्यांच्याच शेजारी बसावे लागले. राज्यात मोकळी झालेली विरोधी जागा पुढील काही वर्षांत शिवसेनेने व्यापली, असे राजकीय अभ्यासकांचे मत आहे. एकाची गती सुरू होते तेव्हा दुसऱ्याची वाट बदलते, ही गोष्ट यशोगाथांतून वगळली जाते.

आणि काही वेळा अडकलेपण हे कारकिर्दीचे नसतेच. दोन आठवड्यांहून अधिक काळ झोप उडणे, भूक जाणे, कशातच रस न वाटणे, जगण्यात अर्थ नाही असे वाटणे, ही आजाराची लक्षणे आहेत. तेथे दिनक्रमाचे तक्ते पुरे पडत नाहीत, डॉक्टर लागतो. केंद्र सरकारची टेलि-मानस ही निःशुल्क दूरध्वनी सेवा ऑक्टोबर २०२२ पासून १४४१६ या क्रमांकावर सुरू आहे आणि तेथे मराठीत बोलता येते. अभ्यासिकांत सहावा-सातवा प्रयत्न करणाऱ्या मुलांच्या पालकांनी हा क्रमांक जवळ ठेवावा.

थांबण्याची तारीख

स्पर्धा परीक्षांच्या विद्यार्थ्यांना मार्गदर्शक एक गोष्ट क्वचित सांगतात, कारण ती सांगण्यात त्यांचा तोटा असतो : सुरू करतानाच थांबण्याचे वर्ष लिहून ठेवावे. किती प्रयत्न, कोणत्या वयापर्यंत, आणि त्यानंतर काय. पूर्व परीक्षा सुटत नसेल तर अडचण एक. मुख्य परीक्षेत दरवेळी थोडक्यात हुकत असेल तर दुसरी. पहिलीत वाट बदलणे योग्य, दुसरीत अभ्यासाची पद्धत. दोन्ही वेळा ‘अजून एक प्रयत्न’ हे एकच उत्तर दिले जाते तेव्हा वर्षे जातात.

पवारांनी काँग्रेसबाहेरचा प्रयोग १९८६ मध्ये थांबविला. यश मिळाले म्हणून नाही. ५४ जागा हा त्या वाटेवरचा माथा आहे आणि त्यापुढे चढ नाही, हे दिसल्यावर. परतल्यावरही लगेच काही हाती आले नाही. मुख्यमंत्री शंकरराव चव्हाण होते. पवारांना मंत्रिपदही नव्हते. दीड वर्ष ते साधे आमदार राहिले. जून १९८८ मध्ये शंकरराव केंद्रात गेले आणि पवार दुसऱ्यांदा मुख्यमंत्री झाले. पद गेल्यापासून आठ वर्षे आणि चार महिने उलटले होते.

त्यांच्या या कारकिर्दीत, जुलै १९८९ मध्ये, नाशिकला राज्याचे मुक्त विद्यापीठ स्थापन झाले. शिक्षण अर्ध्यात सुटलेल्यांनी आणि पदवीअभावी बढती अडलेल्यांनी नोकरी न सोडता शिकावे, हा त्याचा हेतू होता. गेल्या तीन दशकांत राज्यातील असंख्य पोलीस, ग्रामसेवक, परिचारिका, कारखाना कामगार आणि गृहिणी त्याच्या दारातून गेल्या. विद्यापीठाला नाव देण्यात आले ते यशवंतराव चव्हाण यांचे.